वऱ्हाड ओढणारा जिताडा

सानपाड्याच्या जुन्या गावातल्या धर्मराजनं जन्मभर एक जिताडा पाळला. पाळला म्हणजे तोंडात पाळला. खाडीतला खरा मासा खाऊन वाढतो, हा सांगून वाढायचा. धर्मराजचं लग्न नवं होतं तेव्हा तो कोपरापासून बोटापर्यंत भरेल एवढाच होता, असं गावातली जुनी माणसं अजून शपथेवर सांगतात. मुलाच्या, मिथुनच्या बारशाला तो दोघांनी मिळून उचलावा एवढा झाला. पुढे मिठागरं गेली, त्यांच्या जागी सेक्टर आले, जमिनीचे भाव चढले, आणि भावांबरोबर जिताडाही चढत गेला. गावाशेजारी रेल्वेचं स्टेशन उभं राहिलं तोवर त्याच्या एका खवल्यावर तांदळाची भाकरी भाजता येईल इथवर मजल गेली होती. धर्मराज आणखी काही वर्षं जगता, तर त्या माशाला स्वतंत्र सोसायटी काढून द्यावी लागली असती.

गोष्ट अशी होती. धर्मराजचं वऱ्हाड खाडीपलीकडच्या गावाला निघालं ते मचव्यातून. मचवा नजीबच्या बापाचा, आणि सुकाणूवर खुद्द नजीब, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला. मचव्यात नवरदेव, बँडवाले, हळदीची भांडी आणि मानपानावरून आधीच रुसलेली एक आत्या. अर्ध्यावर गेले आणि ओहोटी लागली. पाणी असं पळालं, जसं काही मागे पोलीस लागलेत. मचवा चिखलात रुतला. आत्याला खाली उतरवून बघितलं, तरी हलेना. तिकडे मांडवात नवरी उभी, भटजी घड्याळाला किल्ली देतोय, आणि एवढ्यात चिखलातून एक डोकं वर आलं. जिताडा. त्यानं नवरदेवाकडे बघितलं, बाशिंगाकडे बघितलं, आणि विचारलं, "लगीन कुनाचं?"

इथे धर्मराज थांबायचा. बरोबर इथेच. डबी काढायचा, तंबाखूला चुना लावायचा, अंगठ्यानं मळत बसायचा आणि मान जराशी डावीकडे वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. बसलेली माणसंही तिकडेच बघायची. आतून, जवळा निवडता निवडता, त्याच्या बायकोचा, विमलबाईचा आवाज यायचा.

"खोटारडा. एस्टीनं आलास तू, पनवेलवरनं. येक चप्पल एस्टीत इसरून आलास. माझ्या बापानं दुसरी घेऊन दिली."

मग खरी गोष्ट सुरू व्हायची. कारण जिताड्यानं तोंड उघडल्यानंतरचं धर्मराजनं कधी काही ठरवलेलंच नसायचं. बायको जे बोलेल त्याला तो दोर बांधायचा.

"एस्टीनं आलो ना, मी कुठं नाय बोलतंय? पन पनवेलच्या म्होरं एस्टी बंद पडली, ती कोनी ओढली?"

"माशानं ओढली?"

"मंग तुझ्या बापानं? आनि चप्पल इसरलो नाय मी. जिताड्यानं पळवली. मुलीकडचा व्हता तो, करवलीचा मान मागत व्हता."

एका वर्षी कंडक्टरनं जिताड्याला अर्धं तिकीट फाडलं, कारण उभं राहायला पाय नव्हते. एका वर्षी तो पंगतीत बसला आणि पानात मासे वाढलेले बघून चुलत्याची आठवण काढून रडला. विमलबाई आतून एकेक खोटं पकडायची, धर्मराज त्याच खोट्याचं दावं करून माशाच्या गळ्यात अडकवायचा, आणि गोष्ट चालायला लागायची. पन्नास वर्षांत तो एकदाही हरला नाही. "बरं बाई, एस्टीनं आलो," असं त्यानं एकदाही म्हटलं नाही.

खाडीकाठच्या या गावांत गोष्ट कोणी एकट्यानं सांगत नाही. सांगणारा एक लागतो, तसा 'हूं' म्हणणाराही एक लागतो. हूं थांबला की सांगणारा समजतो, समोरचा झोपला, आणि धोतर झटकून उठतो. धर्मराजचा हूं म्हणजे नजीब. मचवा कधीच मोडीत गेला होता, नजीबनं रबाळ्याला टाइल्सचं गोदाम टाकलं, त्यात चांगलं कमावलं, खारघरला मोठा फ्लॅट घेतला, पण रविवार संध्याकाळची हूं म्हणायची नोकरी त्यानं सोडली नाही. त्याचे हूं तरी किती प्रकारचे. मचवा निघताना छोटा, आत्या रुसली की दबका, आणि जिताडा वर आला की असा लांब, की शेजारच्या बिल्डिंगमधली कुत्री कान टवकारायची.

असा हा धर्मराज गेल्या श्रावणात दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

घरात त्याचे फोटो ढिगानं निघाले. आवाज मात्र निघेना. मिथुननं सगळ्यांचे फोन उलटेपालटे केले, तेव्हा पंचाहत्तरीच्या केकचा एक व्हिडिओ मिळाला. त्यात धर्मराज सुरी हातात घेऊन विचारतो, "कापू काय?" आणि कापतो. जो माणूस झोपेतही गप्प बसला नाही, त्याच्या आवाजाची एवढीच शिल्लक. विमलबाईनं तो व्हिडिओ इतक्या वेळा लावला, की सुनेनं, प्रियानं, घरात केक आणायचं बंद केलं.

म्हणून उझमा आमंत्रण घेऊन आली, तेव्हा विमलबाईनं तिला आधी बसूही दिलं नाही. उझमा ही नजीबची नात. कॉलेजात सिनेमा शिकत होती. मागच्या थंडीत तिनं मिठागरांवर एक डॉक्युमेंटरी केली होती, त्यात अर्धा दिवस धर्मराजच्या घरात शूटिंग झालं होतं, आणि दुःखात ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता ती फिल्म खारघरच्या एका महोत्सवात, लघुपट आणि माहितीपटांच्या सत्रात दाखवणार होते.

"आजी, तुम्ही यायचंच. आजोबा मोठ्या पडद्यावर दिसणार."

"दिसंल ते दिसंल. जिताडा हाय काय त्याच्यात?"

उझमानं जरा विचार केला. "आहे ना. थोडा कापलाय, पण आहे."

"कापल्याबिगर जिताडा खातंय कोन," विमलबाई म्हणाली, आणि महिन्यांनंतर पहिल्यांदा तिनं कुणाला स्वतः होऊन चहा विचारला.

त्या दिवसापासून तिचा जीव त्या एका गोष्टीत अडकला. धर्मराजच्या तोंडून जिताडा एकदा, फक्त एकदा, पुन्हा ऐकायचा. तो कसा वाढला, कुठल्या दोरानं मचवा ओढला, काय वाटेल ते असू दे. ऐकायचं आणि मनातल्या मनात, कुणाला कळू न देता, एकदा खोटारडा म्हणायचं. बास.

सत्र दुपारचं होतं. मिथुननं गाडी काढली. विमलबाईनं हिरवी साडी नेसली आणि केसात अबोली माळली. हॉलच्या दारात नजीब वाट बघत उभा होता, इस्त्रीचा कुर्ता, डोळ्यांत सुरमा.

"वहिनी, लग्नाला आल्यासारख्या आलात."

"तुमीपन कुठं मयताला आल्यासारखे दिसता, नजीबभाय."

आत एसी इतका, की मासे आठवडाभर टिकले असते. स्टेजवर स्वराज नावाचा एक तरुण होता. तो जॅकेट घालून म्हणत होता की आजचं सत्र हे शांततेचं सत्र आहे, कृपया मोबाईल बंद ठेवा, आणि स्वतःच खूप बोलत होता. मग अंधार झाला.

पहिली शॉर्टफिल्म एका माणसाची होती. तो खुर्चीत बसून गळणाऱ्या नळाकडे बघत होता. नळ गळत होता, माणूस बघत होता. असं बराच वेळ चाललं.

"वायसर बदल ना रे," विमलबाई पुटपुटली.

"आई," मिथुननं कोपर लावलं.

"अरे मंग, बसलाय काय ठोंब्यासारका. पंधरा रुपयाचं काम."

पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्यानं मागे वळून बघितलं. विमलबाईनं पदर तोंडावर घेतला. दुसरी फिल्म फ्लेमिंगोंची होती, सगळी हातानं काढलेली चित्रं. त्यात पक्षी खाडीवर येतात आणि त्यांना बसायला जागाच सापडत नाही. ती तिला आवडली. नजीबनं दोनदा सवयीनं हूं म्हटलं आणि दाढीवाला पुन्हा वळला.

मग पडद्यावर मीठ आलं. पांढरं, सगळीकडे पांढरं. कुठून तरी जुने फोटो मिळवले होते पोरीनं. आणि त्यानंतर एकदम, दोन मजल्यांएवढा मोठा, धर्मराज.

विमलबाईचा हात नकळत कपाळाकडे गेला. केसाला तेल चोपडलेलं, वरचं बटण लावलेलं, खुर्चीत ताठ. शाळेत नाव घालायला आणल्यासारखा. तो बोलायला लागला.

"भरतीचं पानी आत घ्यायचं. मग ते अडवायचं. ऊन लागतं. पानी उडतं. मीठ राहातं. ते ओढायचं."

एवढं बोलून तो थांबला. विमलबाई वाट बघत राहिली. आता तो म्हणेल की एकदा मिठाचा ढीग इतका उंच झाला, की चांदण्यात विमानवाल्यानं त्याला बर्फाचा डोंगर समजून वळण घेतलं. म्हणेलच. तो म्हणाला, "मंग बैलगाडीतून न्यायचं." आणि पुन्हा थांबला.

हा कोण माणूस आहे, असं तिला वाटलं. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, बोलतोय मात्र तलाठ्यासमोर जबानी दिल्यासारखा. तिनं हळूच नजीबकडे बघितलं. नजीब पडद्याकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून. अगदी तसेच, जसे त्यानं त्या दिवशी मिटले होते.

त्या दिवशीचं तिला सगळं आठवलं. उझमा सकाळीच आली, कानाला ते मोठे हेडफोन लावून. पंखा बंद केला. फ्रीजची पिन काढली. वरच्या भाडेकरूंना जाऊन सांगून आली की थोडा वेळ नळ सोडू नका, फ्लश करू नका. ते बिचारे कारखान्यातून शिफ्ट संपवून झोपलेले, त्यांनी झोपेतच हो म्हटलं. मग तिनं हात जोडून घरातल्यांना सांगितलं, "प्लीज, कुणी आवाज करायचा नाही. हूं पण नाही. माईक सगळं पकडतो." नजीबनं नातीच्या हुकमावरून तोंडाला कुलूप लावलं. आणि विमलबाईला तर आदल्या संध्याकाळीच मिथुननं बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"आई, उद्या बाबांना खोटारडा बोलू नको हां."

"मी कवा बोलते?"

"कवा नाय बोलत? उद्या रेकॉर्ड होनार हाय. बाहेरची लोकं बगनार. एक दिवस तरी त्यांना मान दे. बोलू दे त्यांना सुखानं."

ते तिला लागलं होतं. पण पटलंही होतं. पन्नास वर्षं आपण या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं, हे काही बरं केलं नाही, असं तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं. उद्या एक दिवस गप्प बसायचं. तेवढंच त्याला देऊ. तिनं जवळ्याचं सूप मांडीवर घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात, नेहमीच्या जागी, पदराचा बोळा तोंडात धरून बसली.

पडद्यावर धर्मराजनं घसा खाकरला.

"आमचं वऱ्हाड निघालं मचव्यातून. मचवा याच्या बापाचा."

विमलबाई खुर्चीत पुढे सरकली.

"मधी ओहोटी लागली. पानी गेलं. मचवा रुतला." तो थांबला. कोणी हूं म्हटलं नाही. त्यानं समोर बघितलं, नजीब जिथे बसला होता तिथे, आणि मग सावकाश पुढे म्हणाला, "मंग चिखलातनं जिताडा वर आला. तो बोलला, लगीन कुनाचं."

आणि मान जराशी डावीकडे वळवून तो बघायला लागला.

पडद्यावर धर्मराजचा अंगठा तळहातावर फिरत होता. तंबाखू नव्हती, शूटिंगला खाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी फिरत होता. तो बघत होता. लांबून एक विमान गेल्याचा आवाज आला आणि विरला. तो अजून बघत होता.

त्या दिवशी नेमकी इथेच विमलबाई उठली होती. वाक्य जिभेवर आलं होतं, पदराचा बोळा पुरेना, म्हणून सूप खाली ठेवून, पाय न वाजवता, मागच्या दारानं मोरीपाशी निघून गेली होती. आपण किती शहाण्यासारखं वागलो, असं वाटून मनातून खूशही झाली होती. त्यामुळे पुढे काय झालं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. आता बघत होती. तो रिकाम्या दाराकडे बघत होता. जिथे ती बसलेली होती आणि आता नव्हती, तिथे. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसत होतं, मोतीबिंदूचं का कसलं कोण जाणे. त्याची भुवई हळूच वर गेली. बोल ना, म्हणतात तशी.

पुढच्या रांगेतला दाढीवाला शेजारणीला कुजबुजला, "काय सायलेन्स आहे हा."

विमलबाईला आणखी एक गोष्ट आठवली. त्या रात्री जेवताना धर्मराजनं विचारलं होतं, "तू व्हतीस कुठं?" ती म्हणाली होती, "हितंच. मागं." त्यानं भाताचा घास कालवणात फिरवला होता आणि म्हणाला होता, "मना वाटलं, माहेराला गेलीस." तिला ते हसण्यावारी वाटलं. त्यानंतर रविवारी नजीब यायचा, चहा व्हायचा, पण जिताडा निघेना. वय झालं, असं तिनं धरलं. श्रावणात तो गेला.

पडद्यावर तो अजून बघतच होता. आणि विमलबाईच्या तोंडून निघून गेलं, भर हॉलमध्ये, स्वयंपाकघरातून यायचं तेवढ्याच मोठ्यानं.

"खोटारडा. एस्टीनं आलास तू."

मिथुननं डोळे मिटले. साऱ्या हॉलच्या माना वळल्या. आणि पडद्यावर धर्मराजनं मान खाली घातली, तळहात मांडीवर पुसला आणि म्हणाला,

"नाय. खरं म्हंजे एस्टीनं आलो आमी. पनवेलवरनं."

हॉल खळाळून हसला. आजीनं हटकलं आणि पडद्यावरच्या आजोबांनी कबूल केलं, याहून मजा काय पाहिजे. कुणी टाळ्याही वाजवल्या. नजीबच्या तोंडून एक हूं निघाला, लांब, जिताड्यासाठी राखून ठेवलेला, आणि हशात बुडाला.

विमलबाई हसली नाही. पन्नास वर्षं जे त्यानं तिला कधी मिळू दिलं नव्हतं, ते तिच्या समोर पडलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. तिच्या हटकण्यावर तो बोललाच नव्हता. तिथे कुणी हटकायलाच नव्हतं, म्हणून बोलला होता. पडद्यावर तो आता म्हणत होता की खाडीत हल्ली जिताडा मिळत नाही, पाणी खराब झालं. हेही खरंच होतं. मग नावं वर सरकायला लागली. त्यात तिचंही नाव होतं, विशेष आभारांमध्ये.

दिवे लागले. उझमाला स्टेजवर बोलावलं. दाढीवाल्यानं माईक मागून घेतला.

"तो जो पॉज आहे ना, तो या फिल्मचा आत्मा आहे. मला विचारायचंय, आजोबा नेमके कुठे बघतायत?"

उझमाचं तोंड आनंदानं फुललं होतं. "त्या बाजूला आधी मिठागर होतं. आता तिथं टॉवर आहेत. पण मला वाटतं, त्यांना अजून मिठागरच दिसत होतं. म्हणून मी तो शॉट कापला नाही."

टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या. नजीबनं मान वळवून विमलबाईकडे बघितलं. त्यालाही माहीत होतं, डावीकडे काय होतं ते. विमलबाईनं पदर सावरला आणि मान हलवली, नको म्हणून. पोर एवढी खूश आहे, कशाला.

बाहेर समोसे आणि चहा होता. उझमा धावत आली.

"आजी, तुम्ही बोललात ना मधेच, लोकांना इतकं आवडलं. सगळे विचारतात, हे ठरवून केलं का." मग तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला आवडली ना फिल्म?"

"चांगली झाली हाय, पोरी." विमलबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "अजून हाय काय थोडा? तू बोललीस ना, कापलाय म्हनून. त्या दिवसाचा, पुढचा?"

"कापलंय ते फक्त थांबणं आहे, आजी. ते खूप वेळ थांबले होते. मी त्यातलं निम्मंच ठेवलंय."

विमलबाईनं चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला.

परतीला गाडीत नजीब पुढे मिथुनशेजारी बसला, कारण त्याला सानपाड्यापर्यंत सोबत यायचंच होतं, रविवार होता. मागे विमलबाई आणि उझमा. बेलापूर गेलं, नेरूळ आलं. ऊन कललं होतं, पुलाखाली खाडीचं पाणी उतरलेलं, चिखल उघडा पडून चमकत होता. विमलबाई तिकडे बघत होती. मग कुणी काही विचारलेलं नसताना ती बोलायला लागली.

"आत्या रुसलेली. हळदीच्या भांड्यावर बसलेली, उठंना."

"हूं," नजीब म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं त्याच्या.

"पानी पळालं. मचवा रुतला. आत्याला उतरवली तरी हलंना."

"हूं."

"मी तिकडं मांडवात उभी. पायाला मुंग्या आलेल्या. भटजी घड्याळाला किल्ली देतंय. आनि मंग वर आला तो. केवढा? तर ही तुझी गाडी हाय ना मिथुन, ही त्याच्या एका डोळ्यात पार्किंग करशील. नवरदेवाकडं बगितलं त्यानं. बोलला, लगीन कुनाचं."

नजीबचा हूं आला, लांब, जुना. विमलबाई थांबली. तिचा अंगठा तळहातावर फिरत होता. तिनं मान जराशी डावीकडे वळवली.

सिग्नल लागला. मिथुननं आरशातून आईकडे बघितलं. तिचे डोळे बघितले आणि समोर बघायला लागला. बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदाच एवढं बोलत होती, तिला बोलू दे, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नजीबला शब्द ठाऊक होता. जिभेवरही आला असेल. पण त्यानं सगळा जन्म नुसतं हूं म्हटलेलं, आणि नवरा गेलेल्या बाईला खोटारडी कोण म्हणणार. त्यानं काच खाली केली, उगाच. उझमानं आजीचा हात हातात घेतला आणि दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कुणी काही बोललं नाही. सगळे फार चांगले वागत होते.

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. गाडी पुढे निघाली.

"मग, आजी?" उझमानं हळूच विचारलं. "पुढे काय झालं?"

विमलबाईनं हात सोडवून घेतला आणि मांडीवरचा पदर सारखा केला.

"पुढं काय व्हनार. एस्टीनं आला तो. पनवेलवरनं."